पावण्यांची चाळ

आत्याच्या अंगणात कुणी "भाडेकरू" हा शब्द काढला तर त्या माणसाला त्या दिवशी पाणी मिळायचं नाही. नळाची तोटी ती काढून कमरेच्या पिशवीत ठेवायची आणि चूक केलेला माणूस हंडा घेऊन समोर उभा राहिला की विचारायची, "कोन रे तू?" उत्तर एकच चालायचं. "पावना." एवढं म्हटलं की तोटी बसायची, पाणी यायचं, आणि वर पावण्याची विचारपूसही व्हायची: झोप लागली का, डास चावले का. डास चावलेलेच असायचे, पण ते सांगायची सोय नव्हती. पावण्यानं तक्रार करू नये, असं तिचं मत होतं.

मी तिथे राहायला गेले तेव्हा मला हे काही माहीत नव्हतं. आटगावात एका गोदामात पॅकिंगवर मला नोकरी लागली, नवऱ्याची खर्डीच्या पुढे एका कारखान्यात पाळी होती, आणि दोघांना जवळ पडेल अशी खोली आम्ही शोधत होतो. स्टेशनापासून चालत जाता येईल अशी पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, समोर मोठं अंगण आणि टोकाच्या खोलीत ही बाई, जिला सगळेच आत्या म्हणायचे. बारीक अंगाची, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि नजर अशी की आपण घरून काही चोरून आणलंय की काय असं वाटावं. मी भाडं किती म्हणून विचारलं. तिनं मला सरळ फाटकापर्यंत परत नेऊन सोडलं.

त्याच ओळीत राहणाऱ्या पारूनं मला रस्त्यात गाठून समजावलं. पारू ठाकर, तानसाच्या बाजूच्या पाड्यावरची. स्टेशनाबाहेर रानभाज्या आणि करवंदं विकायची. ती म्हणाली, असं नाय इचारायचं, पिशवी घेऊन जायचं. पिशवीत खाली पैसे ठेवायचे, वर केळी ठेवायची, आणि आत्याकडे पाहुणी आले म्हणायचं. मी नगरकडची, मला असली नाटकं जमत नाहीत. पण दुसरी खोली परवडण्यासारखी नव्हती, म्हणून केळी घेतली.

त्यानंतर दर महिन्याला मी तेच केलं. आत्या पिशवी घेऊन आत जायची आणि परत देताना तिच्यात मूठभर तांदूळ टाकायची, कारण आलेली पिशवी रिकामी परत द्यायची नाही अशी तिकडची रीत. केळ्यांखाली काय होतं याबद्दल ती कधी बोलली नाही. पैसे कमी पडले तर "या खेपंला केली जरा बारीक हायत गो, नगरवाली," एवढंच म्हणायची, आणि पुढच्या महिन्यात केळी मोठी व्हावी लागायची.

पावणेपणाचे आणखीही नियम होते. पावण्यानं भिंतीत खिळा ठोकायचा नाही. त्यामुळे आमची कॅलेंडरं ट्रंकेला टेकून उभी असायची आणि कपडे खिडकीच्या गजांना बांधलेल्या दोरीवर. दारावर नाव लावायचं नाही. गॅस, रेशन, बँक, कशाच्याही कागदावर चाळीचा पत्ता द्यायचा नाही. चाळीतल्या दशरथ रिक्षावाल्याच्या मुलीला शाळेत घालायचं होतं तेव्हा हेडमास्तरांनी राहत्या पत्त्याचा पुरावा मागितला, तर आत्या स्वतः शाळेत गेली. पोर माझ्याकडे पावनी आलीय, शाला संपंपर्यंत ऱ्हाणार हाय, असं तिनं सांगितलं. हेडमास्तर हसले आणि पोरीला घेतलं. तिला नाही म्हणणारा माणूस त्या भागात फारसा नव्हता.

चीड यायची, खरंच यायची. पण मग माझा नवरा तापानं फणफणला आणि आत्या सकाळ-संध्याकाळ पेज घेऊन दारात. पारूचं दुसरं बाळंतपण झालं तेव्हा बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं काम तिनं कुणाला करू दिलं नाही. पावणा म्हटल्यावर त्याचं करावं लागतं, हेही ती मनापासून मानायची. तिच्या त्या खोट्या शब्दातला निम्मा भाग खरा होता, आणि म्हणूनच तिच्याशी भांडायचं कसं हे आम्हाला कधी कळलं नाही.

हा सगळा घोळ कुठून सुरू झाला ते तिनं मला एकदा दुपारी तांदूळ पाखडता पाखडता सांगितलं. तिचा बाप कल्याणच्या एका जमीनदाराचं शेत कसायचा. कूळकायदा आला आणि साहेब शेतावर चौकशीला आले. आत्या तेव्हा लहान, बापाचं धोतर धरून उभी होती. साहेबांनी विचारलं, तू इथं कोण? जमीनदारानं आदल्या दिवशी बजावून ठेवलं होतं की गडी म्हणून सांग. बापानं सांगितलं, मी कूळ. आणि शेत त्याचं झालं.

"एका शब्दात जमीन आमची झाली गो," आत्या म्हणाली. "मंग दुसरा कोनी एका शब्दात नेनार नाय कशावरून?"

म्हणजे ही भीती. शेताच्या जागी खोल्या झाल्या, बाप गेला, भाऊ गेला, पण ती धोतर धरून उभी राहिलेली पोर काही तिथून हलली नाही. कूळ आणि भाडेकरू यांत फरक असतो हे मी तिला समजावून पाहिलं. तिनं सूप आपटलं आणि मला उठायला सांगितलं.

सगळ्यात मोठा तमाशा पाडव्याला. पाडव्याच्या सकाळी सगळ्या खोल्यांतलं सामान अंगणात काढायचं, भांडी, गाद्या, ट्रंका, देव, सगळं. खोल्या झाडून, सारवून आत्या प्रत्येक दाराला आपलं कुलूप लावायची. पावणे गेले. मग दिवसभर आम्ही अंगणात लग्नाच्या मांडवात असल्यासारखे बसायचो, तिथेच जेवायचो, पोरं गाद्यांवर उड्या मारायची. संध्याकाळी गुढी उतरली की आत्या एकेक कुलूप काढायची, पायांवर पाणी घालायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची आणि म्हणायची, "या, बऱ्याच दिसांनी आलात." वर्षभर सलग कुणी राहिलाच नाही, असा तिचा हिशेब. हा कायदा तिला कुणी शिकवला कोण जाणे.

पहिल्या वर्षी मी हसून हसून बेजार झाले. दुसऱ्या वर्षी कंबर धरली. त्यानंतर सवय झाली, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी ती पायांवर पाणी घालायची तेव्हा मला दरवर्षी भरून यायचं. माझ्या माहेरी माझं असं कुणी कधी केलं नव्हतं.

मग आमच्या भागाला भाव आला. आधी शेतांत रंगीत झेंडे लागले, मग पत्र्याची कुंपणं, मग हायवेवर मोठमोठे फलक, निसर्गाच्या कुशीत घर, तेही मुंबईपासून हाकेच्या अंतरावर. शनिवारी-रविवारी गाड्या भरभरून माणसं यायची, धरणाकडे बघून फोटो काढायची आणि आम्हाला रस्ता विचारायची. ओढ्याकडे जायची आमची वाट एका फाटकाआड गेली आणि फाटकावर उभा असलेला वॉचमन पारूला विचारायला लागला की करवंदं कुणाच्या हद्दीतली आहेत. बायका धुण्याला जायच्या ती जागा आता कुणाच्या तरी बागेत होती.

आमच्या मागच्या चाळीला नोटीस लागली. तिथले लोक हुशार निघाले, किंवा त्यांचा मालक साधा होता. त्यांच्याकडे पावत्या होत्या, गॅसची कार्डं होती. ते सगळे एकत्र बिल्डरकडे जाऊन बसले, आणि त्यानं भांडण नको म्हणून नव्या इमारतीच्या मागच्या अंगाला त्यांना खोल्या लिहून दिल्या. ही बातमी आमच्या अंगणात पोचली त्या दिवसापासून कुणाला नीट झोप नव्हती. भाडेकरू असेल त्याला खोली. आणि आम्ही कोण, तर पावणे.

आमच्यात दशरथ तोंडाचा फटकळ. तो सरळ आत्याकडे गेला आणि म्हणाला, एकदा, फक्त एकदा आमाला भाडेकरू म्हन, पायजे तर मंग जलमभर पावने म्हन. आख्ख्या चाळीची तोटी निघाली. आम्ही दिवसभर स्टेशनच्या नळावरून पाणी वाहिलं, आणि पाणी वाहताना पहिल्यांदा मला आत्याचा खराखुरा राग आला. विनोदी वाटणारी माणसं आपला जीव घेऊ शकतात हे तोवर मला माहीत नव्हतं.

त्यात तिचा भाचा यायला लागला. हा भावाचा मुलगा, शहापुरात राहायचा, जमिनींचे व्यवहार करायचा. तोंडानं गोड. येताना पेढे आणायचा आणि आत्याच्या पाया पडायचा. सातबारा त्याच्या नावावर होता हे आम्हाला फार उशिरा कळलं. विधवा होऊन माहेरी परतली तेव्हाच आत्यानं भावाला हक्कसोड करून दिली होती, तिकडे बहिणी देतात तशी, आणि भावानं तोंडी सांगितलं होतं की खोल्या तू सांभाळ, त्यावर जग. म्हणजे मालकीण म्हणून मिरवणारी ही बाई कागदावर तिथली कुणीच नव्हती.

एकदा हाच भाचा पारूला सहज विचारून गेला, "अजून पाडव्याला सामान बाहेर काढतात का तुमी?" पारू हसून हो म्हणाली. मी शेजारी कपडे वाळत घालत होते. मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं की यंदा सामान काढायचं नाही.

पाडव्याला सकाळी कुणी हललं नाही. आत्या हातात कुलपांची पिशवी घेऊन अंगणात उभी राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत हाका मारत गेली, आणि शेवटी माझ्या उंबऱ्यावर येऊन बसली, कारण चिथावणी कुणाची हे तिला बरोबर कळलं होतं. मी तिला भाच्याचं सांगितलं. ती ऐकेना. तो माझ्या मांडीवर वाढलाय, म्हणाली. तुमी निघाला नाय तर मी पानी नाय पिनार. आणि खरोखरच उन्हात तशीच बसून राहिली. दहा वाजले, ऊन तापलं, तिचे ओठ सुकले. पारू रडायला लागली आणि तिनं आपली चूल बाहेर काढली. मग दशरथनं ट्रंक काढली. मग सगळ्यांनी. मी शेवटची. आत्यानं माझ्या दाराला कुलूप लावलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान होतं की मी तोंड फिरवलं.

दुपारची जेवणं होत आली होती तेव्हा भाचा आला. बरोबर साईटवरचा एक माणूस, पांढरेशुभ्र बूट घातलेला, आणि आणखी काही धट्टेकट्टे. आत्याला वाटलं सणाला आला. तिनं त्याला श्रीखंड वाढायला घेतलं. तो म्हणाला, साहेबांना जरा खोल्या बघायच्यात आत्या, चाव्या दे. पांढऱ्या बुटांच्या माणसानं शूटिंग चालू करून मोबाइल वर धरला होता. आत्यानं चाव्या दिल्या.

"खोल्या रिकाम्या आहेत ना आजी?" त्या माणसानं विचारलं.

"रिकाम्या. सकाली समद्या रिकाम्या केल्या."

"कुणी भाडेकरू?"

मी उठून उभी राहिले. दशरथही उठला. आत्यानं आमच्याकडे पाहिलं, दम भरल्यासारखं.

"माज्याकडं भाडेकरू नाय. पावने येतात, पावने जातात."

मोबाइल आमच्यावर फिरला. आम्ही कोण म्हणून विचारलं गेलं. सांगते, इतकी वर्षं तोटीच्या भीतीनं घोटलेला शब्द असा पटकन येतो तोंडात. पारूच्या तोंडून तो निघून गेलासुद्धा. बाकीच्यांचं सामान अंगणात पडलेलं मोबाइलनं पाहिलंच. मग त्या माणसांनी आत्याची कुलपं काढली, खोल्या आतून बघितल्या आणि आपली कुलपं लावली. मोठी, नवी, चकचकीत. ते सगळं इतक्या शांतपणे झालं की पोरं गाद्यांवर उड्या मारायची थांबलीही नाहीत.

आत्याला तेव्हाही कळलं नाही. तिनं रीतीप्रमाणे संध्याकाळी गुढी उतरवली, तांब्या भरला, भाकरीचा तुकडा घेतला आणि पहिल्या दारापाशी जाऊन उभी राहिली. भाचा पायरीवर बसला होता.

"कुलूप काढ रे," ती म्हणाली.

"आत्या, पावणे गेले," तो म्हणाला. "तूच म्हणालीस."

तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. ती आमच्याकडे वळली, परत त्याच्याकडे वळली. "हे माजे..." असं दोनदा म्हणाली. पुढचा शब्द तिला येईना. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो, मी तर मनात ओरडत होते, म्हण, एकदा म्हण. भाच्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं की नव्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर तुला खोली आहे, तू घरची आहेस, तुझी खोली आत्ताही तुझीच.

आम्ही काही दिवस अंगणात प्लास्टिक बांधून काढले. आत्या रोज सगळ्यांसाठी रांधायची आणि कुणाशी बोलायची नाही. मग पारू पाड्यावर परत गेली, दशरथनं खर्डीला मेहुण्याच्या पडवीत बिऱ्हाड टाकलं, आम्ही वाशिंदला एका खोलीत गेलो, जिथून माझी नोकरी आणि नवऱ्याची पाळी दोन्ही लांब. पण सोडायचं नाही असं ठरवलं. शहापुरात एक वकीलबाई भेटल्या, त्यांनी आमच्या वतीनं तहसील कचेरीत अर्ज लावला. कागद विचारले, कागद नव्हते. साक्षीदार विचारले, तर मोबाइलवर आमच्यातूनच पावणे हा शब्द निघाला होता. वकीलबाई म्हणाल्या, भाडं घेणारा माणूस स्वतः येऊन घेतलं म्हणाला तरच काही होईल. आणि खरं तेही सांगितलं, की तिनं असं सांगितलं तर भाचा तिला त्याच दिवशी बाहेर काढेल, आणि त्याला कुठलाच कायदा अडवू शकणार नाही.

तिला बोलवायला मी गेले. खूप ओरडायचं ठरवून गेले होते. ती त्या बंद ओळीपुढे एकटीच बसली होती, आणि माझ्याकडून ओरडणं काही झालं नाही. वकीलबाई जे म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं, तिचं घर जाईल हेही. तिनं ऐकून घेतलं. येते की नाही ते सांगितलं नाही.

चौकशीच्या दिवशी ती आली. भाच्यानंच गाडीतून आणली होती, त्याच्या बाजूची साक्षीदार म्हणून. पारू माझा दंड धरून उभी होती, तिची नखं रुतत होती. भाच्याच्या वकिलानं आधी सगळ्यांना मोबाइलवरचं दाखवलं. मग साहेबांनी आत्याला पुढं बोलावलं आणि विचारलं, ही माणसं तुमच्याकडे कोण म्हणून राहत होती?

तिनं आमच्याकडे पाहिलं. भाचा पुढं वाकून म्हणाला, सांग आत्या, घाबरू नकोस.

"भाडेकरू," आत्या म्हणाली.

भाच्याचा वकील उठला. त्यानं विचारलं, मग मोबाइलवर खोटं बोललात?

"बोलले."

"भाडं घेत होतात?"

"दर म्हयन्याला. केल्यांखाली ठेवून घेत होते. यालाबी त्यातलं देत होते, इचारा त्याला."

"एकाही पावतीवर तुमची सही नाही."

"पावती दिली असती तर हे लोक आज घरात असते. हितं कशाला आले असते?"

भाचा उभा राहिला आणि म्हणाला, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, साहेब. साहेबांनी त्याला बसायला सांगितलं. मग ते आत्याकडे वळले आणि बऱ्याच मवाळपणे म्हणाले, "आजी, यानं तुमचं स्वतःचं काय होईल ते कळतंय ना तुम्हाला?"

"कलतंय साहेब," आत्या म्हणाली. "खोटं बोलत होते तवाबी कलत होतं."

त्या जबानीवर आमच्या खोल्या पाडायला मनाई मिळाली. अजून टिकून आहे. तिन्ही बाजूंनी इमारती उठल्यात, मधे आमची पत्र्याची ओळ उभी आहे, आणि बिल्डरचा माणूस आता आमच्याशी मागच्या अंगाच्या खोल्यांबद्दल बोलायला येतो. आत्याच्या खोलीला त्याच संध्याकाळी भाच्याचं कुलूप लागलं. तिला मुरबाडला तिच्या पुतणीकडे पोचवायला मी आणि दशरथ गेलो, आणि दीड वर्षात ती तिथेच वारली. वकीलबाईंना मी विचारलं होतं की मनाई सगळ्या ओळीला आहे, मग तिच्या खोलीला का नाही. त्या म्हणाल्या, अर्ज भाडेकरूंचा होता, आणि तुमची आत्या कुणाचीच भाडेकरू नव्हती.